आबांनी गाडी चालवावी का, हे कसं तपासायचं?

सत्तर वर्षांची दोन माणसं घ्या. एक गगनबावड्याचा घाट निवांत उतरून येतो, आणि दुसऱ्याला कोल्हापूरच्या राजारामपुरीत उजवीकडे वळताना घाम फुटतो. दोघांची जन्मतारीख एकच असेल, तरी निर्णय एकच असू शकत नाही. म्हणून घरात 'आता वय झालं, किल्ली द्या' या वाक्याने बोलणं सुरू झालं की ते तिथेच बिघडतं. वय फक्त तपासणी सुरू करायची वेळ सांगतं. तपासायचं असतं ते असं: किती दिसतं, दिसलेल्याचा अर्थ किती लवकर लागतो, हात-पाय आणि मान तो निर्णय किती लवकर अमलात आणतात, आणि गोळ्या-आजार यांत कुठे आडवे येतात का. हे सगळं झाल्यावर शेवटी प्रत्यक्ष रस्ता.

लायसन्स आहे, दाखला आहे. पण त्यात तपासलं काय?

आपल्याकडे खासगी गाडीच्या लायसन्सला वयाची वरची मर्यादा नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर पन्नास ते पंचावन्न या वयात काढलेलं किंवा नूतनीकरण केलेलं लायसन्स साठीपर्यंत चालतं, आणि पंचावन्ननंतर दर वेळी पाच वर्षं. नूतनीकरणाचा अर्ज परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर भरायचा असतो. साठीनंतर सोबत डॉक्टरांचा दाखला, म्हणजे नमुना १-अ, लागतोच. मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा गाडी चालवून दाखवायची परीक्षा द्यावी लागते.

आता दाखल्यात काय असतं ते बघा. चष्मा असेल तर चष्म्यासह, दिवसाउजेडी २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का. फिट, चक्कर किंवा गाडी चालवण्यावर परिणाम करणारा मानसिक आजार आहे का. रातांधळेपणा आहे का. हॉर्न ऐकू येतो का. हातापायात दोष आहे का. लाल-हिरवा रंग ओळखता येतो का. प्रश्न योग्य आहेत. पण लक्ष किती ठिकाणी विभागता येतं आणि निर्णयाला किती वेळ लागतो, हे मोजणारी चाचणी त्यात नाही. म्हातारपणी गाडी चालवण्यात बऱ्याचदा नेमकं तेच ढासळतं. शिवाय दाखला एका दिवसाचा असतो आणि लायसन्स पाच वर्षांचं. त्या पाच वर्षांत मोतीबिंदू पिकू शकतो, झोपेची गोळी सुरू होऊ शकते, पक्षाघाताचा एखादा छोटा झटका येऊन जाऊ शकतो. म्हणून एमएच-०९ चं, म्हणजे कोल्हापूरचं, लायसन्स खिशात आहे याचा अर्थ तपासणी झाली असा धरू नका.

नजर

घरच्या घरी सुरुवात नंबरप्लेटपासून करा. उभ्या कारपासून साधारण ३३ पावलं मोजा (पाऊल पाऊण मीटरचं धरून ते २५ मीटरच्या आसपास येतं). आधी डावा डोळा झाकून, मग उजवा. दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचलं तर दुबळ्या डोळ्याचा पत्ता लागत नाही. एका डोळ्याने अडखळलं तर नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन नेमका आकडा घ्या. ब्रिटनमध्ये कारसाठी किमान ६/१२ नजर लागते, म्हणजे निरोगी डोळ्याला १२ मीटरवरून दिसणारं अक्षर ६ मीटरवरून तरी वाचता यायला हवं. आपल्यासाठीही ती रेघ डोळ्यांसमोर ठेवायला चांगली आहे.

पण अक्षर वाचता येणं हा नजरेचा एकच भाग झाला. दुसरा भाग बाजूचं दिसणं. काचबिंदूत मधली नजर बराच काळ शाबूत राहते आणि कडेचं हळूहळू पुसलं जातं. पुसलेल्या जागी मेंदू आपलं काहीतरी भरून टाकतो, त्यामुळे त्या माणसाला काही कमी दिसतंय असं वाटतच नाही. 'तो मोटारसायकलवाला एकदम कुठून आला कळलंच नाही' हे वाक्य महिन्यातून दोनदा ऐकू आलं तर ते मोटारसायकलवाल्याचं वर्णन न मानता डोळ्याचं लक्षण माना. तपासायला समोरासमोर बसा, मध्ये हातभर अंतर ठेवा. त्यांनी एक डोळा झाकायचा आणि तुमच्या नाकाकडे बघत राहायचं. तुम्ही तुमचं बोट बाजूने, मागून पुढे, हळूहळू आणायचं. दिसलं की त्यांनी 'हां' म्हणायचं. चारही दिशांनी करा, दुसऱ्या डोळ्यानेही करा. तुमची कड आणि त्यांची कड यात मोठा फरक आला तर फील्ड टेस्ट, म्हणजे कडेचं किती दिसतं याची तपासणी, करून घ्या. ब्रिटनमध्ये दोन्ही डोळे मिळून आडवं १२० अंश दिसणं बंधनकारक आहे. आपल्या नमुना १-अ मध्ये ही तपासणी नाही, त्यामुळे ती मागून घ्यावी लागते. सीपीआरसारखं सरकारी रुग्णालय असो वा खासगी दवाखाना, 'गाडी चालवतो, त्यासाठी फील्ड बघायचं आहे' असं स्पष्ट सांगा. नुसतं 'डोळे तपासा' म्हटलं तर चष्म्याचा नंबर काढून मिळतो.

तिसरा भाग रात्रीचा, आणि कोल्हापुरात तो फार महत्त्वाचा आहे. वय वाढतं तशी बुबुळातली बाहुली लहान राहते आणि भिंग पिवळसर होतं. साठीच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. त्यात समोरून कुणी अप्पर मारला की दिपलेले डोळे पुन्हा स्थिरावायला काही सेकंद जातात. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. डोळ्यांना सावरायला पाच सेकंद लागले तर ८३ मीटर रस्ता न बघता कापला. गळीत हंगाम सुरू झाला की याच अंधारात ऊस भरलेला ट्रॅक्टर असतो, मागे दोन ट्रॉल्या, शेवटच्या ट्रॉलीला दिवा नाही आणि रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने माखलेला. उसाचा रंग, रस्त्याचा रंग आणि रात्र यात फरक ओळखायला डोळ्यांची काळं-करडं वेगळं करायची ताकद लागते. ती चष्म्याच्या नंबरात मोजली जात नाही. दिवसा ६/६ दिसणाऱ्या माणसाचीही ती उतरलेली असू शकते. म्हणून आमचं ठाम मत असं, की रात्री दिवे फुटल्यासारखे किंवा पसरलेले दिसतात असं सांगणाऱ्या माणसाने दिवस मावळल्यावर राधानगरी, गारगोटी किंवा इचलकरंजीच्या रस्त्याला गाडी घालू नये. दिवसा मात्र तोच माणूस उत्तम चालवत असेल.

यात दिलासा देणारी गोष्ट मोतीबिंदूची. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोतीबिंदू काढलेल्या वयस्क चालकांचे अपघात, न काढलेल्यांच्या तुलनेत जवळपास निम्मे आढळले. म्हणजे 'गाडी बंद' म्हणायच्या आधी 'ऑपरेशन करू' म्हणून बघावं. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एका डोळ्याचं झालं आणि दुसऱ्याचं व्हायचं आहे, त्या मधल्या काळात अंतराचा अंदाज चुकतो. तेव्हा नेत्रतज्ज्ञांनी हो म्हणेपर्यंत थांबा. आणि दूर-जवळ दोन्ही दिसणारं बहुकेंद्री भिंग बसवलं तर काहींना रात्रीच्या दिव्यांभोवती कडी दिसतात. रात्री गाडी चालवायची असेल तर भिंग ठरवण्यापूर्वीच हे डॉक्टरांना सांगा.

लक्ष आणि निर्णय

दसरा चौकात उभं राहून बघा. सिग्नल, डावीकडून घुसणारी रिक्षा, उजवीकडे केएमटीची बस, पुढे रस्ता ओलांडणारी बाई आणि मागून हॉर्न. चालकाच्या मेंदूला यातलं महत्त्वाचं काय ते निवडायचं असतं, बाकीचं सोडून द्यायचं असतं आणि हे सेकंदभरात करायचं असतं. वयानुसार एकेक काम नीट जमतं, पण एकाच वेळी चार कामं आली की गोंधळ होतो. त्यामुळे वयस्क चालकांचे अपघात वेगापेक्षा चौकात जास्त होतात. त्यातही समोरून येणारी रहदारी कापत उजवीकडे वळताना. समोरच्याचा वेग, आपलं अंतर, वळल्यावर रस्ता ओलांडणारी माणसं, हे तिन्ही एकदम मोजावं लागतं.

निर्णयाला लागणारा वेळ किती मोलाचा आहे ते पाहा. ताशी ४० च्या वेगात ब्रेकवर पाय जायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागला तर गाडी साडेपाच मीटर पुढे जाते. दोन रिक्षा एकामागे एक उभ्या केल्या तर होते तेवढी ही लांबी.

डॉक्टर यासाठी कागद-पेन्सिलीच्या काही छोट्या चाचण्या घेतात. एका कागदावर आकडे आणि अक्षरं विखुरलेली असतात. १ वरून क वर, मग २, मग ख, मग ३, अशी रेघ ओढत शेवटपर्यंत जायचं. याला तीन मिनिटांपेक्षा जास्त लागली तर पुढे तपासणी हवी. दुसरी चाचणी घड्याळाची: कोऱ्या कागदावर गोल काढा, बारा आकडे घाला, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. आकडे एका बाजूला गोळा झाले किंवा काटे १० आणि ११ कडे गेले तर ते नोंद घेण्यासारखं आहे. या चाचण्या फार शाळा न शिकलेल्या माणसाला अवघड जातात, मग त्याचं डोकं रस्त्यावर कितीही तल्लख असो. अशांना चक्रव्यूहासारखा, वाट शोधायचा कागद देतात. कोणत्याही एका कागदावरून 'गाडी चालवू नका' असा निकाल देणारा डॉक्टर घाई करतोय असं समजा. हा कागद फक्त शंका दाखवतो.

स्मृतिभ्रंशाचं निदान झालं असेल तर? अगदी सुरुवातीच्या टप्प्यातले काही जण काही काळ सुरक्षित चालवू शकतात, पण त्यांची प्रत्यक्ष रस्त्यावरची चाचणी हवी आणि ती दर सहा महिन्यांनी पुन्हा हवी. आजार मध्यम टप्प्यात गेला की गाडी थांबते, त्यात चर्चेला जागा नाही. इथे एक गोष्ट घरच्यांना समजायला जड जाते. स्मृतिभ्रंश असलेला माणूस 'मी नीट चालवतो' असं म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. स्वतःची चूक ओळखणारा मेंदूचा भागच आजाराने ग्रासलेला असतो. अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० साली दिलेल्या मार्गदर्शनातही हेच आहे: रुग्णाचं स्वतःबद्दलचं 'सुरक्षित' हे मत उपयोगाचं नाही, रोज सोबत बसणाऱ्या माणसाचं 'भीती वाटते' हे मत उपयोगाचं आहे. म्हणून डॉक्टरांकडे जाताना आईला, बायकोला किंवा शेजारच्या सीटवर बसणाऱ्या कुणाला तरी सोबत न्या आणि त्यांना बोलू द्या.

मान, पाय, पकड

जुन्या वाड्याच्या ओसरीवर किंवा फ्लॅटच्या हॉलमध्ये दहा फूट मोजा; दोन फुटी फरशी असेल तर पाच फरश्या. भरभर चालत जायचं, वळायचं, परत यायचं. काठी नेहमी वापरत असाल तर काठीसह. नऊ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पायातली ताकद आणि चपळाई कमी झाली आहे. मग खुर्ची: हात छातीशी बांधून पाच वेळा उठायचं, बसायचं. पंधरा सेकंदांच्या पुढे गेलं तर मांड्या दुबळ्या आहेत.

मानेसाठी त्यांना खुर्चीत पाठ टेकून बसवा आणि तुम्ही मागे दहा फुटांवर उभे राहून बोटं दाखवा. खांद्यावरून वळून किती बोटं ते सांगता आलं पाहिजे. स्पॉन्डिलायटिसवाल्याला हे जमत नाही, आणि तो हळूहळू आरशावरच सगळं भागवायला शिकतो. आरशात न दिसणारी जागा राहतेच, आणि आपल्याकडे नेमकी तिथेच दुचाकी असते. ही उणीव मात्र बऱ्याच अंशी भरून काढता येते: मोठे आरसे, कडेला छोटे गोल आरसे, मागचा कॅमेरा आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले मानेचे व्यायाम.

मधुमेह जुना असेल तर तळपाय तपासा. डोळे मिटून पाय सोडून बसायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी अशा सहा ठिकाणी बोटाच्या टोकाने एकदोन सेकंद अलगद टेकवा. दाबायचं नाही, टोचायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर नसा बधिर झाल्या आहेत. अशा पायाला आपण ब्रेकवर आहोत की एक्सलेटरवर हे समजत नाही. गडबडीत ब्रेक समजून एक्सलेटर दाबला जातो, गाडी उसळते, माणूस घाबरून आणखी जोरात दाबतो. हा प्रकार बहुतेक पार्किंगमध्ये, घराच्या फाटकात, वेग शून्याजवळ असताना घडतो. घराच्या भिंतीला, कुंडीला, जिन्याला गाडी लागली तर 'चालायचंच' म्हणून सोडू नका.

दुचाकी: इथे नियम वेगळे

या विषयावरचं परदेशातलं बहुतेक मार्गदर्शन कार डोळ्यांसमोर ठेवून केलेलं आहे. आपल्या शहरातला सत्तरीचा माणूस मात्र बहुतेक वेळा बिनगिअरच्या स्कूटरवर असतो, पुढे पिशवी, मंडईतली भाजी, मागे नातू. कार संथ चालवली तर जास्त सुरक्षित होते. स्कूटरचं उलटं आहे: वेग ताशी दहाच्या खाली आला की तिचा तोल आपल्या शरीराला सांभाळावा लागतो. म्हणून वयस्क स्वार चालताना क्वचित पडतो. पडतो तो थांबताना, वळून निघताना आणि स्टँडवर घेताना.

तपासायचं असं. भिंतीजवळ, पकडायला आधार असेल अशा जागी एका पायावर उभं राहायचं. आधी एका, मग दुसऱ्या पायावर दहा-दहा सेकंद जमलं तर ठीक. पाच सेकंदही जमत नसेल तर दुचाकी थांबवावी असं आम्ही सांगतो. मग गाडी बंद ठेवून तिच्यावर बसायचं: दोन्ही टाचा जमिनीला टेकतात का, की फक्त चवडे? स्कूटरचं वजन शंभर किलोच्या आसपास असतं. ती पाच-सात अंश कलली की दुबळ्या मांडीला सावरत नाही. मग डबल स्टँडवर चढवून दाखवायला सांगा. धाप लागली किंवा गाडी हातातून निसटू लागली तर साइड स्टँड वापरा, पण फक्त सपाट, कोरड्या जागी.

स्टँडवर घेताना आणि काढताना इंजिन बंद हवं, हे शंभरदा सांगावं लागलं तरी सांगा. चालू गाडी कलते, माणूस आधारासाठी मूठ घट्ट धरतो, त्या धरण्यातच मूठ पिळली जाते आणि गाडी अंगावर किंवा अंगाखालून निघते. इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये धोका जास्त, कारण आवाज नसल्याने चालू आहे हेच लक्षात राहत नाही आणि मूठ पिळताक्षणी पूर्ण जोर मिळतो.

हेल्मेटची काचही बघा. वर्षभर धुळीच्या रुमालाने पुसलेल्या काचेवर बारीक ओरखडे असतात, आणि रात्री समोरचा दिवा त्यावर पसरतो. नवी काच फार महाग नसते. मोतीबिंदूची शंका घ्यायच्या आधी ती बदलून बघा.

गोळ्या

डॉक्टरांकडे सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन जा, मेडिकलमधून स्वतःच आणलेल्यासुद्धा. सर्दीच्या जुन्या, स्वस्त गोळ्यांत क्लोरफेनिरामाइन असतं. त्याने सुस्ती येते आणि ती आपल्याला नीट जाणवतही नाही. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या वयस्क शरीरातून हळू बाहेर पडतात, त्यामुळे रात्री घेतलेल्या गोळीचा अंमल सकाळी अंबाबाईच्या दर्शनाला निघताना असू शकतो. नसांच्या दुखण्यासाठीचं प्रीगॅबालिन आणि गॅबापेंटिन, जुनं अमिट्रिप्टिलिन, ट्रॅमाडॉल, खोकल्याचं कोडीन असलेलं औषध, ही सगळी याच यादीतली. पार्किन्सन्ससाठीच्या प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल या गोळ्यांनी काहींना बसल्या जागी अचानक झोप लागते. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. वेळ बदलता येते का, दुसरी देता येते का, हे विचारायचं. नवी गोळी सुरू झाली किंवा डोस वाढला की पहिले काही दिवस गाडी नको.

मधुमेहात साखर वाढण्यापेक्षा उतरणं रस्त्यावर घातक. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांनी ती उतरू शकते. ब्रिटनचा साधा नियम इथेही वापरावा: निघण्यापूर्वी साखर ९० च्या वर हवी. कमी असेल तर आधी खा. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी पुन्हा बघा. घाम, थरथर, डोक्यात गोंधळ वाटला तर गाडी कडेला घ्या, बंद करा, साखर किंवा गूळ खा आणि साखर पूर्ववत झाल्यावरही पाऊण तास थांबा. रक्तातला आकडा लवकर सुधारतो, मेंदूला मात्र जास्त वेळ लागतो.

हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, पेसमेकर, गुडघ्याचं ऑपरेशन यानंतर किती दिवस थांबायचं हे डिस्चार्जच्या वेळीच लिहून घ्या. पक्षाघातानंतर ब्रिटनमध्ये कारसाठी किमान एक महिना थांबावं लागतं. महिना झाला म्हणजे आपोआप परवानगी असं मात्र नाही. एका बाजूचं दिसणं किंवा लक्ष गेलं आहे का ते तपासून मगच.

रस्त्यावरची चाचणी

घरचं माणूस शेजारी बसून परीक्षा घ्यायला लागलं की बहुतेक वेळा भांडण होतं. त्यापेक्षा मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये दोन तासांचे पैसे भरा. त्यांच्या कारला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक असतो, नियमानेच तो लागतो. शिकवणाऱ्याला आधी सांगून ठेवा: शिकवायचं नाही, फक्त बघायचं आणि लिहायचं. वयस्क माणसाला गाडी अनोळखी असते, म्हणून पहिली पंधरा मिनिटं मोजू नका.

सकाळी सातच्या सुमारास रंकाळ्याच्या बाजूने सुरू करा, रहदारी कमी असते. सरळ चालवणं, कडेला लावणं, मागे घेणं. मग साडेनऊनंतर राजारामपुरीचा मुख्य रस्ता, जिथे दोन्ही बाजूंनी गल्ल्या येऊन मिळतात. तिथे सिग्नलशिवाय दोन-तीनदा उजवीकडे वळायला सांगा. पुढे दसरा चौक, व्हीनस कॉर्नर, स्टेशन रोड. हे नीट झालं तरच कावळा नाक्याचा ताराराणी चौक आणि तिथून महामार्गाच्या बाजूचा रस्ता. मधेच एकदा सोपं बोलणं काढा, 'परवा पाऊस किती झाला हो?' इतकं. बोलताना वेग उगाच कमी होतो का, लेन सुटते का, सिग्नल नजरेतून निसटतो का ते बघा. 'आता पुढच्या चौकात डावीकडे आणि लगेच उजवीकडे' अशी दोन पायऱ्यांची सूचनाही एकदा द्या. लक्षात ठेवून पाळता येते का ते कळतं.

मोजताना जुनी खोड आणि नवी चूक वेगळी ठेवा. चाळीस वर्षं एका हाताने स्टिअरिंग धरणारा, इंडिकेटर न देणारा माणूस आजही तसंच करेल. ते वाईट आहे, पण वयाने आलेलं नाही. पूर्वी न होणाऱ्या चुका शोधा: हिरव्या सिग्नलला थांबणं, गतिरोधक न दिसणं, कारण नसताना ताशी वीसने रस्त्याच्या मधोमध चालणं, ओळखीच्या रस्त्यावर वळण चुकणं, पायडल शोधणं. आणि शेजारच्याला एकदाही 'ब्रेक!' म्हणावं लागलं किंवा त्याचा ब्रेक दाबावा लागला तर ती चाचणी तिथेच नापास. बाकीचे गुण त्याला भरून काढत नाहीत.

घरच्यांसाठी एकच प्रश्न पुरतो: नातवाला त्यांच्या मागे बसवून शाळेत पाठवाल का? उत्तर 'नाही' असेल तर त्यांना एकटं पाठवणंही बरोबर नाही. रस्त्यावर दुसऱ्यांची नातवंडं असतात.

निकालानंतर

निकाल बऱ्याचदा 'हो' आणि 'नाही' यांच्या मधला असतो, आणि तोच नीट वापरायला शिकलं पाहिजे. फक्त दिवसा. पावसात नाही. महामार्ग नाही, आंबा घाट नाही. मंगळवार-शुक्रवारी अंबाबाईच्या गर्दीतला महाद्वार रोड नाही. स्कूटरवर मागे कुणी नाही. उजवं वळण टाळून तीन डावी वळणं घेऊन जायचा रस्ता. अशा चार अटींत माणूस आणखी काही वर्षं सुरक्षित चालवू शकतो.

बोलायचं कसं? अडचण त्यांच्या तोंडून येऊ द्या. 'आबा, रात्री इचलकरंजीहून येताना समोरच्या लाइटचा त्रास होतोय का?' असं विचारलं तर 'होतोय की. पण तुम्हाला कशाला सांगू?' असं उत्तर येण्याची शक्यता असते. 'तुमच्या हातात गाडी देणं बंद' म्हटलं तर 'चाळीस वर्षं चालवतोय की, काय झालंय मला?' हेच येणार. थोरल्या जावयाने किंवा नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलेलं मुलाने सांगितल्यापेक्षा लवकर पचतं, त्यांची मदत घ्या. किल्ली लपवणं शेवटचा उपाय, आणि तो फक्त स्मृतिभ्रंशात.

ऐकतच नसतील आणि धोका उघड असेल तर कायद्यात वाट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६ नुसार, आजारामुळे चालक अयोग्य आहे असं मानायला सबळ कारण असेल तर परवाना देणारं कार्यालय वैद्यकीय दाखला मागू शकतं किंवा लायसन्स रद्द करू शकतं. आरटीओला लेखी अर्ज, सोबत डॉक्टरांची कागदपत्रं. आपण अयोग्य आहोत हे माहीत असून गाडी चालवणं कलम १८६ खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा हजार रुपयांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर दोन हजारांपर्यंत.

गाडी पूर्ण थांबणार असेल तर थांबायच्या महिनाभर आधीपासून आठवड्यातून दोन दिवस दुसऱ्या सोयीने जाऊन बघा. गाडी सोडल्यावर वयस्क माणसांत उदासी वाढते हे अभ्यासांत दिसून आलं आहे, आणि त्यात गाडी जाण्याइतकाच घरात अडकून पडण्याचाही वाटा असू शकतो. म्हणून आठवड्याची यादी काढा: मंदिर, बँक, मंडई, कट्ट्यावरची मंडळी, शेतावरची फेरी. प्रत्येकापुढे कोण नेणार आणि किती वाजता, ते लिहा. गल्लीतल्या एका ओळखीच्या रिक्षावाल्याला ठरावीक दिवस, ठरावीक वेळ देऊन महिन्याचा हिशेब करा. फोन करून विनवणी करायची वेळ आली की माणूस जाणंच सोडतो. एसटीत ७५ वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ मध्ये निम्मं तिकीट, त्यामुळे गावाकडच्या फेऱ्या सुटत नाहीत.

अटींसह गाडी चालू राहणार असेल तर एक कागद गाडीच्या पुस्तकाबरोबर ठेवा: चाचणीची तारीख, कोणत्या अटी, चष्म्याचा नंबर, सुरू असलेल्या गोळ्या, आणि पुढची तपासणी कधी. सगळं ठीक असेल तर वर्षाने; मधुमेह, काचबिंदू किंवा विसरभोळेपणा असेल तर सहा महिन्यांनी; आणि पडणं, चक्कर, ऑपरेशन किंवा नवी गोळी यांपैकी काहीही झालं तर तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात.